दोन व्हाळांमधलं घर

भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसानं भाड्यानं द्यायला घर विकत घ्यावं, यात हसण्यासारखं काय आहे ते मला आधी कळलं नव्हतं. आमचे घरमालक दत्तारामशेठ यांनी ते मला ओटीवर बसवून, वर चहा पाजून समजावून सांगितलं.

"म्हणजे तुम्ही माझे भाडेकरू, आणि तुमचा भाडेकरू आणखी कोणी तिसरा. मग मी त्याचा कोण? आजा?"

मी चहा संपवला. फुकट मिळालेल्या चहावर रागावणं मला जमत नाही.

बेत माझा साधा होता. माझी धाकटी बहीण आनंदी आमच्याकडे राहत होती. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला. तिथंच त्यानं दुसरं बिऱ्हाड थाटलं, आणि पुढं शिमग्या-गणपतीला येणाऱ्या मुंबईकरांच्या तोंडून त्याची खुशाली तेवढी येत राहिली. आनंदीचं आणि प्रयागबाईचं, म्हणजे आमच्या मंडळींचं, बरं चाले. दोघींची भांडी वाजत, फुटत नसत. पण आनंदी जेवायला सगळ्यांच्या मागून बसे आणि दुसरी भाकरी मागत नसे. प्रयागबाईनं आग्रह केला तर म्हणे, "भूक नाय वैनी." दिवसभर जात्यावर बसलेल्या बाईला भूक नसते हे कुणी सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण पटवून घेणार नाही. माझी नोकरी संपत आली होती. माझ्यामागं आनंदीला कुणाच्या हाताकडं बघायला लागू नये, हिच्या नावाचं एक घर असावं, त्याचं भाडं हिच्या हातात पडावं आणि दुसरी भाकरी हिनं स्वतःच्या टोपलीतून घ्यावी, एवढंच माझ्या मनात होतं. नाते या आमच्या गावातल्या शेतातला माझा वाटा मी त्यासाठी विकला.

आता प्रश्न फक्त जागेचा. आणि जागेच्या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. कचेरीत मी हद्दी-खुणांच्या टेबलावर होतो. तालुक्यातला कुठला बांध रात्रीतून कुठं सरकला, हे त्या बांधाच्या आधी मला कळत असे. असा माणूस घर घ्यायला निघाला म्हटल्यावर महाडात ज्याच्या त्याच्या अंगात जागा निवडण्याचं वारं आलं.

पहिली सूचना नदीकाठच्या आळीची. घर नवं, रंगसुद्धा ओला. मालकानं भिंतीवरची पुराची रेघ मला दाखवली, ती वडिलांची तसबीर दाखवावी तशी, अभिमानानं. रंगाऱ्याला सांगून ती रेघ तेवढी त्यानं राखली होती.

"पाणी येतं," तो म्हणाला, "पण राहत नाही हो. आलं तसं जातं."

"पाव्हणाच म्हणायचा," प्रयागबाई म्हणाली. "जाताना चूल विझवून जाणारा."

आम्ही पुढं निघालो.

दुसरी जागा एस.टी. स्टँडच्या मागं. तिथं भाडेकरूंना तोटा नव्हता, पण भिंती अशा की शेजारी कुणी सुपारी फोडली तर इकडच्यानं दचकावं. कचेरीतल्या एका भाविक सहकाऱ्यानं शिवथरची शिफारस केली. म्हणाला, घळीजवळ घर घ्या, पुण्य लागेल. पुण्याबद्दल माझी तक्रार नव्हती, पण समर्थांनी त्या घळीचं भाडं भरल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही, आणि त्या वाटेनं बिऱ्हाड करायला येणारे बाकीचे लोक त्यांचाच कित्ता गिरवतील अशी मला भीती होती.

शेवटी ज्यांनी हसायला सुरुवात केली होती त्या दत्तारामशेठांनीच तोडगा काढला.

"पोलादपूर गाठा. आंबेनळीचा घाट आहे तोवर गाड्या आहेत, गाड्या आहेत तोवर ड्रायव्हर आहेत, आणि ड्रायव्हरला बायको असते. गावाबाहेर सडकेला लागून नवी वस्ती होतेय. मी तरुण असतो तर मीच घेतलं असतं."

तरुण असण्याचा आणि घर घेण्याचा संबंध मला कळला नाही. पण संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता, सगळ्यांनाच काहीतरी नवं करावंसं वाटत होतं. मी पोलादपूरची गाडी पकडली.

घर सोनबाचं होतं. सोनबा मुंबईच्या गोदीत बरीच वर्षं काढून परतला होता, अंगात मनिला शर्ट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तो चष्मा त्यानं घर दाखवतानाही काढला नाही, त्यामुळं आपण विकतोय ते घर त्याला कसं दिसत होतं कोण जाणे.

"एकदम ए-वन काम हाय साहेब. काळ्या दगडाचा पाया, मंगलोरी कौलं. अंदर आवो, बघून घ्या. फिकर करायचं काम नाय."

आणि खरंच घर छान होतं. चार खोल्या, दोन बिऱ्हाडं सुखानं राहतील अशा. पुढं लांब ओटी, मागं विहीर, आणि विहिरीला बारमाही पाणी. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येई आणि चुलीच्या जागेवर जरा वेळ बसून जाई. मी कागद पाहिले, नकाशा पाहिला, साखळी टाकून जमीन मोजली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. घराच्या वरच्या अंगाला वाहता व्हाळ, म्हणजे ओढा होता, खालच्या अंगाला कोरडा.

"हा कोरडा कसला?" मी विचारलं.

"तो जुना, साहेब. सडकेच्या कामात पानी वळवलं, तवापासून वरल्या बाजूनं जातं."

"म्हणजे दोन्ही अंगांनी निचरा!" मी खूश होऊन म्हणालो, आणि दोन व्हाळांच्या मधल्या जमिनीचे फायदे त्याला तिथंच उभ्याउभ्या समजावून सांगितले. सोनबानं ते हात जोडून ऐकले.

"तुमच्यासारखा जाणकार गिऱ्हाईक मला मिळाला नव्हता, साहेब," तो म्हणाला.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढं उलगडला. तोवर घर आनंदीच्या नावावर झालं होतं आणि सोनबा आपला काळा चष्मा घेऊन मुंबईला परत गेला होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एका ड्रायव्हरचं जोडपं. तो गडी मुका असावा इतका शांत. बोलायचं काम त्याची बायको तुळसा करी. तिनं कौलं पाहिली, विहिरीत वाकून पाहिलं, चुलीपाशी बसून धूर कुणीकडं जाईल याचा अंदाज घेतला. सगळं पसंत पडलं. उंबऱ्याबाहेर पाय टाकता टाकता तिनं विचारलं,

"आणि वो साहेब, हितं पालखी कुठली येते?"

"कसली पालखी?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला पुन्हा शाळेत घालायला हवं.

"शिमग्याची. वरल्या कोंडाची येते का खालल्या?"

कोंड म्हणजे आमच्याकडची वाडी. शिमग्यात गावदेवी पालखीत बसून आपल्या कोंडातल्या घरोघर जाते, अंगणात नाचते, घरची बाई तिची ओटी भरते, आणि मग ते घर वर्षभर देवीच्या नजरेखाली राहतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी नाते गावचा, शेतकऱ्याच्या पोटचा. पण नात्याला पालखी आमच्या दारात आमच्या जन्माआधीपासून येत होती, आणि महाडात ती दत्तारामशेठांच्या दारात येई. तिची वाट कुणी ठरवावी लागते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. सूर्य कुठल्या बाजूनं येतो हे मी पाहिलं, वारा पाहिला, पाणी पाहिलं, साप पाहिले. देवी कुठल्या बाजूनं येते हे पाहायचं राहिलं.

"येत असेल कुठली तरी," मी म्हणालो.

"असंल न्हवं, विचारून ठेवा. माझ्या सासूला कळलं का सून बिनपालखीच्या घरात नांदते, तर ती मुंबईवरनं पायी यील."

सासू चालण्यात पटाईत असावी, कारण ते जोडपं पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर सडकेच्या कामावरचा एक मुकादम आला, त्यानं तेच विचारलं. मग एक सुधारक मास्तर आले. पालखीवर आपला काडीचा विश्वास नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना नारळपाणी पाजलं. संध्याकाळी ते परत आले आणि जरा बाजूला घेऊन म्हणाले, "माझा नाही हो, पण हिचा आहे."

मी वरल्या कोंडात गेलो. तिथं हैबती हे पालखीचे मानकरी. म्हातारा अंगणात दोरखंड वळत बसला होता.

"तुमचं घर व्हय? चांगलं हाय," तो म्हणाला. "पण मधी व्हाळ हाय ना. आमची आई थोरली. ती व्हाळ वलांडून धाकटीच्या हद्दीत नाय जायची."

दोन्ही कोंडांच्या देवी सख्ख्या बहिणी, हे तिथं कळलं.

मी खालल्या कोंडात गेलो. तिथले मानकरी कोंडाजी.

"आमची आई धाकटी," ते म्हणाले. "हद्द म्हंजे जुना व्हाळ. सुकला म्हणून काय मेला काय तो? थोरलीच्या हद्दीत पाय टाकला तर ती वरीसभर तोंड नाय बघायची."

थोडक्यात, वरून यावं तर वाहता व्हाळ आडवा आणि खालून यावं तर कोरडा. सरकारनं पाणी वळवलं, देवींना कुणी कळवलं नाही, आणि मधल्या पट्टीत माझं घर उभं. मी पिशवीतून नकाशा काढला. तो पाहून हद्दीवरची मोठमोठी भांडणं मी मिटवलेली आहेत. मी तो हैबतींच्या पुढं पसरला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "ह्यात आई कुठं दाखवलीया?" त्यांनी विचारलं.

मी नकाशाची घडी केली.

"आणि मला सांगा," ते म्हणाले, "वलांडलाच समजा व्हाळ. घरात हाय कोण? आईची ओटी कुणी भरायची, कुलपानं?"

म्हणजे बिऱ्हाड आल्याशिवाय पालखी नाही आणि पालखी आल्याशिवाय बिऱ्हाड नाही. कचेरीत असा पेच आला तर आम्ही तो वरच्या कचेरीकडं पाठवतो. इथं त्याहून वर कोण हे मला माहीत होतं, पण तिथं अर्ज कसा करायचा ते माहीत नव्हतं.

पंचायतीत घराला नंबर घ्यायला गेलो तर तिथंही तेच. पंचायत दोन्ही कोंडांची मिळून एक. तिथल्या कारकुनानं दप्तर उघडलं.

"वरला का खालला?"

"नंबराला काय करायचंय ते?"

"म्हंजे काय? आमच्याकडं घरांचे नंबर पालखी फिरते त्या ओळीनं हायत."

त्यानं बराच विचार करून माझ्या घरासमोर नुसतं 'मधलं' असं लिहिलं, आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं दप्तर मिटलं.

महाडात परत आलो की दत्तारामशेठ ओटीवरून विचारत, "काय मालक? आला का माझा नातू?" मी कौलांबद्दल बोलत असे. कौलं फार चांगली होती. अख्ख्या आळीला माझ्या कौलांची माहिती झाली.

घरी रात्रीची जेवणं गप्प होऊ लागली. आनंदी पहाटे दळायला बसायची, आणि मी अंथरुणात पडून ऐकत असायचो. एकदा ऐकू आलं,

*दादानं घर घेतलं, दोन व्हाळांच्या मधी गं*
*पाव्हणा येईना कुणी, वारा येतो आधी गं*

जात्यावर बसलेल्या बाईला कुणी काही बोलू नये असा आमच्याकडं रिवाज आहे. तिथं राजाचीही टिंगल चालते, मग कारकुनाची काय कथा. पण मला ते लागलं. घर विकून टाकावं, येईल ते घ्यावं, असं मी त्या सकाळी बोलून गेलो.

"इकू नको," आनंदी म्हणाली. "किल्ली दे."

"कशाला?"

"माझं घर हाय ना? मग मी जाते. चूल पेटवते."

मी पुष्कळ बोललो. एकटी बाई, परका मुलूख, लोक काय म्हणतील. दत्तारामशेठ काय म्हणतील तेही बोललो. प्रयागबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

"तुमचं झालं का?" ती म्हणाली. "वन्सं, तवा जुना न्या, तो तापलेला हाय. नव्यावर पहिल्या भाकऱ्या चिकटतात."

बायकांमध्ये ठराव असा होतो. अनुमोदन कधी आलं ते कळतसुद्धा नाही.

सामान फार नव्हतं, पण आनंदीनं जातं घेतलं. एस.टी.च्या कंडक्टरनं जात्याला लगेज लावलं. खालची तळी वेगळी आणि वरची पाळ वेगळी, म्हणून दोन नग धरले. मी म्हणालो, नवरा-बायको एकत्र असतात तसं जातं हा एकच नग. कंडक्टर म्हणाला, नवरा-बायकोलाही तिकिटं दोन लागतात. गाडीतले सगळे त्याच्या बाजूला गेले. सरकारी नोकरानं सरकारी नोकराशी असं वागावं याचं मला वाईट वाटलं. आनंदी मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. तिला हसू आवरत नसावं, पदर तोंडाला होता.

मी तिला तिथं सोडून परत आलो आणि आठवडाभर नीट जेवलो नाही. रविवारी काळजीनं गेलो तर ओटीवर बसायला जागा नाही. उन्हाळा लागत आला होता, दोन्ही कोंडांच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि आनंदीच्या विहिरीला पाणी होतं. बायका व्हाळ ओलांडून येत होत्या, वरल्या आटत आलेला वाहता ओलांडून, खालल्या कोरडा. हंडे अंगणात आणि बायका ओटीवर. हैबतींची साळूबाई पान खात होती, कोंडाजींची ठकूबाई तिला चुना देत होती.

"ह्यो भाऊ का गो तुझा?" साळूबाईनं विचारलं. "नकाशावाला?"

"व्हय," आनंदी म्हणाली. "गरीब हाय सोभावानं."

दोघींनी मान डोलावली. मी विहिरीचं पाणी पिऊन पुढल्या गाडीनं परत आलो.

शिमग्याला मी आणि प्रयागबाई दोघंही गेलो. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, परातीत नारळ-तांदूळ. आनंदीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ती ते रोज लावी, पण महाडात असताना पदर असा पुढं ओढलेला असे की कुणाला दिसू नये.

"कोण येणार आहे?" मी हळूच विचारलं.

"येतील. बायकांनी शब्द दिलाय."

बायकांनी शब्द दिला होता, पण एकीनं नव्हे. संध्याकाळी वरून ढोल ऐकू आले, आणि मी नारळ हातात घेतला. तेवढ्यात खालूनही ढोल ऐकू आले. मी दुसरा नारळ शोधू लागलो. महिनोन्महिने जिथं एक पालखी यायला तयार नव्हती, तिथं दोन पालख्या एकाच वेळी, दोन व्हाळ उतरून, एकाच अंगणाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आणि हैबतींनी आणि कोंडाजींनी एकमेकांना पाहिलं.

"थोरलीचा मान पयला," हैबती म्हणाले.

"आमी पयले आलो. पाय बघ, आमचा उंबऱ्याजवळ हाय."

"तुमच्या घरच्यांनी पानी कुणाच्या व्हाळाकडनं नेलं रं?"

"विहीर काय तुझ्या आज्यानं खांदली?"

ढोल थांबले. खांद्यावरच्या पोरांनी पालख्या सावरल्या. मी मध्ये पडलो. दोन्ही हातांत एकेक नारळ घेऊन मी चिठ्ठ्या टाकण्याची सूचना मांडली आणि नियम समजावून सांगू लागलो. कोणी तरी मला हलकेच उचलून तुळशीपाशी ठेवलं. एवढ्या गर्दीतही त्यांनी नारळ फुटू दिले नाहीत, हे मला सांगायला हवं.

मग आनंदी परात घेऊन पुढं झाली.

"हैबतीकाका, कोंडाजीकाका," ती म्हणाली, "दोघी भनी हायत ना?"

"हायत."

"किती वर्सांनी भेटल्या?"

हैबतींनी खालल्या पालखीकडं पाहिलं, जणू आताच दिसली.

"व्हाळ तुमचे. त्यांचा कुठला? दोघी एका दारात उभ्या राहिल्या तर आधी कुणाला जवळ घ्यायचं, हे आई विचारते काय? आणा दोघींना, अशा शेजारी शेजारी."

तिनं पदर सावरला आणि एका ओंजळीतले तांदूळ दोन्ही पालख्यांत मिळून घातले. उजव्या हातातले थोरलीला, डाव्यातले धाकटीला, एकाच वेळी. डाव्या हाताबद्दल कोंडाजी काही बोलणार होते, पण मागून ठकूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. ढोल पुन्हा सुरू झाले, वरल्यांचा ठेका वेगळा आणि खालल्यांचा वेगळा, आणि त्या गोंधळातून थोड्या वेळानं कसा कोण जाणे एकच ठेका निघाला. दोन्ही पालख्या त्या एवढ्याशा अंगणात नाचल्या. एकीचा दांडा माझ्या कौलांना लागला आणि चार कौलं फुटली. साळूबाई ओटीवरून गात होती, मागून वरल्या-खालल्या सगळ्या बायका उचलून धरत होत्या,

*थोरली आली वरून गं, धाकटी आली खालून*
*अंगण माझं एवढंसं, दोघींनी गेलं भरून*

त्यानंतर भाडेकरूंची रीघ लागली. दोन पालख्या येणारं घर त्या साऱ्या घाटात दुसरं नव्हतं. ड्रायव्हरची तुळसा सासूला बरोबर घेऊनच आली, सासू खरोखरच मुंबईहून आली होती, गाडीनं. मुकादम परत आला. सुधारक मास्तर म्हणाले, माझा विश्वास नाहीच, पण हवा चांगली आहे. चारही खोल्या भरल्या असत्या.

"दोन द्यायच्या," आनंदी म्हणाली. "दोन माझ्या. तुळसाला मी सांगितलंय. तिचा धूर माझ्याकडं येत नाय."

"अगं, पण तुला भाडं मिळावं म्हणून तर घर घेतलं. तू महाडला ये, निवांत राहा."

"दादा, बस. दुसरी भाकरी वाढू?"

तिनं ती माझ्या पानात वाढली, आणि मग तव्यावरची पुढली स्वतःच्या पानात घेतली.

पुढं पावसाळा आला, घाटात दरड पडली, गाड्या बंद झाल्या, सुरू झाल्या. भाद्रपदात गौरी यायच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून लवकर घरी आलो होतो. दत्तारामशेठ ओटीवर होते. पोलादपूरची गाडी येऊन गेली, आणि आळीच्या तोंडाशी आनंदी दिसली. डोक्यावर बोचकं, हातात भोपळा, लुगड्याच्या काठाला चिखल.

मी आत हाक मारली. प्रयागबाई लगबगीनं बाहेर आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन.

"थांबा वन्सं, आत येऊ नका," ती म्हणाली.

आनंदी पायरीखाली थांबली. प्रयागबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून बाजूला टाकला, पायांवर पाणी घातलं. इतकी वर्षं ती आमच्याकडं राहिली, पण तिच्यावरून कुणी भाकरतुकडा ओवाळला नव्हता. ओवाळायला माणूस बाहेरून यावा लागतो.

दत्तारामशेठांनी ओटीवरून पाय आवरून तिला वाट करून दिली.

"माहेरपणाला आलात, आता चांगलं महिनाभर राहा," प्रयागबाई म्हणाली.

"महिना कसला वैनी," आनंदी पाय पुसत म्हणाली. "चार दिवस. घर तिकडं टाकून आलेय."